परत का आलात, वहिनी?

गोष्टी सांगणाऱ्या माणसांबद्दल सगळे फार प्रेमाने बोलतात. आमच्याकडे दिवेआगरला पाहुणे येतात, जेवणं झाली की पडवीत पाय पसरून बसतात आणि म्हणतात, "काय सुंदर गोष्टी असतात हो तुमच्या कोकणात!" त्या वेळी मला उठून आत जावंसं वाटतं. असतात ना, गोष्टी भरपूर असतात. त्या कोणाच्या जिवावर सांगितल्या जातात, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी अलिबागला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की माहेरी येते. माहेरी आई, धाकटा भाऊ आणि काका. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, सत्तरी उलटली, हातात सदैव अडकित्ता आणि तोंडात सदैव गोष्ट. बाबा गेल्यापासून घरातले मोठे तेच. भावाने घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हापासून तर काकांना सोन्याचे दिवस आले. रोज नवे कान मिळतात.

पाहुणे पाहून त्यांची गोष्ट ठरते. लहान मुलं असली की विहिरीवरची हडळ. कॉलेजची पोरं असली की खाडीत रुतलेलं गलबत. आणि वादळ झाल्यापासून सगळ्यांना वादळाची. पोफळी कशा काडीसारख्या मोडत होत्या, कौलं कशी उडत होती, आपण खांबाला धरून कसे उभे होतो. ऐकताना पाहुण्यांच्या अंगावर काटा येतो. आता खरं सांगते. वादळ आलं त्या दिवशी काका श्रीवर्धनला आत्याकडे सिमेंटच्या घरात बसले होते. खांबाला धरून आई आणि भाऊ होते. आईच्या खांद्यावर कौल पडलं, तो खांदा अजून वर जात नाही. पण वादळाची गोष्ट काकांची. आई त्या वेळी पाहुण्यांना सोलकढी वाढत असते.

बायकांच्याही गोष्टी असतात, नाही असं नाही. सुपारी सोलायला मागच्या अंगणात बसलं की त्या निघतात. त्यांना धड सुरुवात नसते, शेवट नसतो. "तिला म्हणे परत माहेरी पाठवली," इतकंच कोणीतरी बोलतं, बाकीच्या "अगो बाई" म्हणतात आणि हात चालू राहतात. कुठल्या पुरुषाच्या चपलांचा आवाज आला की गोष्ट तिथेच बंद. या गोष्टींना आमच्या घरात कोणी गोष्टी म्हटलं नाही. उखाळ्यापाखाळ्या म्हटलं.

पण मला खरी चीड येते ती विनोदी गोष्टीची. भुताच्या गोष्टीत भूत कुठेतरी लांब असतं. विनोदी गोष्टीत ज्याच्यावर हसायचं तो माणूस तिथेच बसलेला असतो आणि त्यालाही हसावं लागतं. नाही हसला तर, "काय हे, साधी गंमत कळत नाही!" आमच्या घरची अशी गोष्ट आईची होती. लग्नकार्यात, गणपतीत, होळीला, चार माणसं जमली की काकांना फर्माईश व्हायची.

"आमच्या वहिनी एकदा पळाल्या होत्या!" इथून सुरुवात. लग्नाला वर्ष झालेलं. सुपारीचा हंगाम, अंगणात पाय ठेवायला जागा नाही, आणि सकाळी बघतात तर सून गायब! सगळी शोधाशोध. मग काका सायकलवर टांग मारतात आणि बोर्लीला एस.टी.च्या थांब्यावर पोचतात. तिथे वहिनी झाडाखाली बसलेल्या, सोबत गाठोडं. गाठोड्यात काय? इथे काका थांबायचे, सगळ्यांकडे बघायचे. "दोन शहाळी! कुठे निघाल्या? किहीमला! जिथे नारळ डोक्यावर पडतात तिथे ही बाई दिवेआगरची शहाळी घेऊन निघालेली! आणि मी पोचेपर्यंत दोन्ही रिकामी! घटाघट!" मग हशा. हशा ओसरला की काका आईकडे वळायचे. "आणि परत का आलात वहिनी? सांगा, तुमच्या तोंडूनच सांगा."

आणि आईने पदराला हात पुसत म्हणायचं, "भूक लागली म्हणून."

मग घर डोक्यावर. ही ओळ आईचीच असायची. काकांनी ती कधी स्वतः म्हटली नाही, इतके ते कसलेले. मी लहान असताना मलाही ती ओळ फार आवडायची, मी आईच्या आधी ओठ हलवायचे. बाबा तेवढे हसायचे नाहीत. ते विड्याला चुना लावत बसायचे, खाली मान घालून. तेव्हा मला वाटायचं, बाबांना विनोद कळत नाही.

गेल्या हंगामात पुण्याच्या एका पाहुणीने ही गोष्ट मोबाईलवर घेतली. काकांचे हातवारे, आईचा पदर, आईची ओळ, सगळं. भावाने ती लगेच आमच्या खोल्यांच्या पानावर टाकली. वर लिहिलं, 'आमच्या आजीचं पलायन' (पाहुण्यांची मुलं आईला आजीच म्हणतात), आणि हसणारे पिवळे चेहरे. लोकांना आवडली. पाहुणे फोनवर विचारायला लागले, "त्या पळालेल्या आजी असतात ना तिथे?" भाऊ खूश. वादळात पोफळी गेल्या होत्या, नव्या लावल्या तरी सुपारी धरायला वर्षं लागतात. बागेपेक्षा गोष्ट लवकर फळाला आली, एवढंच.

तो व्हिडिओ किहीमला मावशीच्या नातवाने मावशीला दाखवला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्नानंतरही किहीममध्येच राहिलेली, त्यामुळे काकांची ही गोष्ट तिच्या कानावर कधी आली नव्हती. तिने आईला फोन केला. फक्त विचारलं, "ताई, तुला भूक लागली होती?" आणि फोन ठेवला. त्यानंतर आईचा फोन तिने उचलला नाही. रोज सकाळी चहा पिताना एकमेकींशी बोलणाऱ्या या दोघी.

मी शनिवारी घरी गेले तेव्हा आई मागच्या अंगणात उरल्यासुरल्या पोफळींची सुपारी सोलत होती. मी समोर बसले. काय झालं ते तिने सांगितलं, आणि मग पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ती गोष्ट काकांशिवाय सांगितली.

"किहीमकडचा एक सुपारीवाला आला होता, त्यानं निरोप आणला. तुझी आजी, माझी आई, लय आजारी हाय, ताईला बघायचं म्हणते. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुपारी सोलून होऊ दे, मग जा. कधी होणार होती सुपारी? मी पहाटे निघाले. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कशी जाणार? म्हणून दोन शहाळी घेतली. तेवढंच माझ्या हातात होतं."

"आणि काका?"

"आले सायकलवरनं. म्हणाले, वहिनी, आत्ताच दुसरा निरोप आला. आई बरी हाय, उठून बसली, पेज प्यायली. उगा तमाशा नको. मला इतकं बरं वाटलं बाय, काय सांगू. तशीच मागे फिरले."

तिचे हात थांबले नव्हते. आजी त्याच आठवड्यात गेली. आई बाराव्याला पोचली, तेव्हा तो सुपारीवाला तिथे भेटला. दुसरा निरोप कोणी धाडलाच नव्हता. आजी शेवटपर्यंत विचारत होती, ताई आली का. मावशी तेव्हा परकरातली पोर, ती सांगत होती, येतेय, गाडीत बसलीय.

"मावशीला तू काय सांगितलंस?"

"गाडी चुकली म्हटलं. सासरचं माहेरी कशाला सांगायचं?"

म्हणजे मावशी जन्मभर चुकलेल्या गाडीवर विश्वास ठेवून होती, आणि आता म्हातारपणी तिला कळत होतं की गाडी चुकली नव्हती, बहिणीला भूक लागली होती. मरणाऱ्या आईला सोडून ही जेवायला परत गेली होती. आणि हे खुद्द बहिणीच्या तोंडून, हसणाऱ्या लोकांसमोर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, "मग तू ती ओळ म्हणायचीसच का?"

आई म्हणाली, "परत आले तेव्हा सासूबाई अंगणात उभ्या. गडीमाणसं बघतायत. आता काय होतंय म्हणून मी तिथंच थबकले. तेवढ्यात भावोजी म्हणाले, भूक लागली म्हणून आल्या, वाढा त्यांना. सगळे हसले. सासूबाईपण हसल्या. त्या दिवशी त्या हसण्यानंच वाचवलं मला. मग पुढच्या होळीला त्यांनी परत विचारलं, तर काय म्हणणार होते मी?"

पुढच्या होळीला. आजीला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि या माणसाने चारचौघांत तिला विचारलं, परत का आलात. तो खोटं बोलला हे तो जाणत होता, आणि तिलाही ते कळलंय हेही त्याला ठाऊक असणार. म्हणून तर ती ओळ तिच्याच तोंडून हवी होती. दरवर्षी, सगळ्यांसमोर, तिने म्हणायचं की भूक लागली होती. मला वाटतं बाबांनाही ठाऊक होतं, आणि ते विडा लावत बसले. त्यांचाही मला राग येतो. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. येतो.

मी सरळ भावाकडे गेले. "तो व्हिडिओ काढ." तो म्हणाला, "अगं, गंमत आहे ती! लोक तेवढ्यासाठी येतात." मी सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "काकांना विचारतो." काकांना विचारतो! आईची गोष्ट, आणि परवानगी काकांची. काका झोपाळ्यावर होते. त्यांनी ऐकून घेतलं, अडकित्त्यात सुपारी धरली आणि कातरत म्हणाले, "गोष्टीत तिखटमीठ लागतंच गो. इतक्या जुन्या गोष्टीचं खरं-खोटं कोण बघत बसलाय?"

मी कोण बघत बसलंय ते सांगणार होते, बरंच काही सांगणार होते. पण आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने मला हाक मारली, आत नेलं, आणि म्हणाली, "भांडू नको. आज पाहुणे हायत. त्यांना सांगू दे गोष्ट."

"आई, परत?"

"सांगू दे. तू फक्त मावशीला फोन लाव न् माझ्याकडे दे. तुझा फोन घेईल ती."

संध्याकाळी पडवी भरली. ठाण्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी व्हिडिओ पाहिलेला. जेवण झाल्याझाल्या त्यांनीच विषय काढला. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई शांत बसली होती. नेहमीची जागा, नेहमीचा पदर. काकांना धीर आला असावा. त्यांनी सुरुवात केली. मी आतून मावशीला फोन लावला, "मावशी, ठेवू नकोस, नुसतं ऐक," म्हटलं, आणि स्पीकर लावून फोन आईच्या ओच्यात नेऊन ठेवला.

सायकल झाली. झाडाखालचं गाठोडं झालं. शहाळ्यांवर पाहुणे खो-खो हसले. ठाण्याच्या बाईंनी मोबाईल उभा धरला. काका आईकडे वळले, तसेच दोन्ही हात पसरून. "आणि परत का आलात वहिनी? तुमच्या तोंडूनच सांगा."

आईने पदराला हात पुसले.

"तुम्ही सांगितलंत ना भावोजी, आई बरी हाय, उठून पेज प्यायली. म्हणून आले."

ठाण्याच्या बाईंना वाटलं, यातच काहीतरी विनोद आहे. त्या हसू तोंडावर ठेवून वाट बघत राहिल्या. काका म्हणाले, "वहिनी, ते भुकेचं..."

"भूक नव्हती," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, भात वाढू का विचारताना असतो तेवढाच होता. "माझी आई मरत होती. ती त्याच आठवड्यात गेली. दुसरा निरोप कोणी आणलाच नव्हता."

भाऊ पाहुण्यांच्या ताटल्या गोळा करायला उठला, उगीचच, त्या कधीच उचलून झाल्या होत्या. ठाण्याच्या बाईंनी मोबाईल हळूच खाली ठेवला. कोणालाच कळेना कुठे बघायचं. मला कळत होतं. मी काकांकडे बघत होते, आणि मला त्यांची दया आली नाही.

तेवढ्यात आईच्या ओच्यातून मावशीचा आवाज आला. रडून बसलेला, बारीक.

"ताई, मग ती शहाळी गो?"

"ती भावोजींनी प्यायली," आई म्हणाली. "दोन्ही. उन्हातनं सायकल मारत आले होते ना."