गयाबाईंची हिरवी साडी

कट्ट्याच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. शांताताई, गुडघा कसा आहे? गुरुजी, खोकला गेला का?

मी चौसाळ्याजवळ एका शेतघरात चित्रकलेच्या निवासी शिबिराला आलोय. आज चित्रासाठी आमच्यासमोर बसायला शेतावरच्या गयाबाई आल्या, लेकीच्या लग्नातली हिरवी साडी नेसून.

शिकवणारे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, ही नको. फाटकी नेसून या. चित्रात गरिबी दिसली पाहिजे."

सगळे हसले, मीही हसलो. त्या साडी बदलून दोन तास उन्हात बसल्या. सर माझा कागद बघून म्हणाले, "वा काका, ठिगळ झकास!" मी फुललो.

उठताना गयाबाई म्हणाल्या, "भाऊ, माजा घरात एक बी फोटू न्हाई. म्हणून नवी नेसलते."

उद्या त्यांच्या घरी जाऊन हिरव्या साडीतलं चित्र काढावं म्हणतो. पण कोणत्या तोंडानं जाऊ? काय करू ते सकाळच्या आत लिहा.