घोडा, २८ वरून ३६

माझ्या वडिलांना, अण्णांना, बुद्धिबळ बेताचंच यायचं, हे आधीच सांगून टाकते. चौतीस वर्षं ते पाण्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. दर तासाला दाब बघायचा, नोंदवहीत लिहायचा, खाली सही करायची. नोंद नाही तर काम झालंच नाही, असा तिथला खाक्या. तो त्यांनी घरीही आणला. पटावरच्या घरांना व्हॉल्व्हसारखे एक ते चौसष्ट नंबर दिले आणि दर रविवारचा डाव वहीत उतरवू लागले.

समोर बसायचा माझा मामा. शाळेत कारकून, जिभेला हाड नाही. "भाऊजी, हरलेला डाव कशाला लिहिता? जखमेवर मीठ चोळायला?"

"कुठे चुकलो ते कळतं."

"वीस वर्षं तेच कळतंय तुम्हाला!"

एकदा अण्णांनी वहीतून मामाची एक खेळी वाचून दाखवली आणि मामा म्हणाला, असं मी खेळलोच नाही. झालं! तीन रविवार अबोला. शेवटी आईने निवाडा केला : ज्याने त्याने आपापल्याच खेळ्या लिहायच्या, दुसऱ्याच्या लिहायच्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक डाव अर्धा आमच्या पेटीत आणि अर्धा मामाच्या कपाटात. नुसत्या एका वहीवरून कुठलाच डाव पुन्हा मांडता येणार नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. असला शहाणपणा आमच्याच घरात व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी अण्णा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना रस्ता चुकले. डॉक्टर म्हणाले, "हे आता बरं होणार नाही. तीन-चार वर्षं आधी आणलं असतंत, तर वेग थोडा कमी करता आला असता." पण आधी आणणार कसं? कुणाला काही दिसलंच नव्हतं. या एका गोष्टीवर मी मनाची समजूत घालत आले.

आई आधीच गेली होती, मागच्या वर्षी मामाही गेला. अण्णा मला "बाई" म्हणू लागले. घरात कुणीतरी बाई येते, जेवू घालते, इतकंच. फक्त पट मांडला की घटकाभर मी त्यांची मुलगी व्हायचे. "पोरी, हत्ती सांभाळ," म्हणायचे. नवा डाव त्यांना झेपत नव्हता, म्हणून मला जुने हवे होते. मामाच्या खेळ्या मी अंदाजाने लावून पाहिल्या. अण्णा मान हलवायचे. "मेहुणे असं खेळत नाहीत."

मामीने घर बदलताना मामाच्या सगळ्या वह्या रद्दीत घातल्या होत्या. एक तेवढी वाचली, कारण तिच्या मागच्या पानांवर मामीचे विणकामाचे नमुने होते. सात वर्षांपूर्वीची वही. मी ती छातीशी धरून घरी आणली.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तारखा जुळवल्या. मी वाचायचे, अण्णा सोंगट्या हलवायचे. पहिला डाव पुरा झाला, अण्णा हरले आणि मनापासून हसले. "पोरी, बघ, कसे टपून बसले होते मेहुणे!" चार रविवार मला माझे वडील परत मिळाले. अण्णांबरोबरच उलगडायची म्हणून पुढची पानं मी चाळलीही नव्हती.

पाचव्या रविवारी डाव अडला. अण्णांच्या वहीत होतं : घोडा, २८ वरून ३६. म्हणजे सरळ एक घर पुढे. घोडा अडीच घरं जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लिहिताना चुकले असतील म्हणून मी मामाची वही पाहिली. आईचा नियम मोडून त्याने तिथे लिहिलं होतं, "भाऊजींनी घोडा सरळ नेला. मी काही बोललो नाही."

मी पानं उलटत गेले. "भाऊजींचा हत्ती तिरका. चालवून घेतलं." "भाऊजींनी माझंच प्यादं हलवलं. चालवून घेतलं." "भाऊजी जिंकले. फार खूश."

मला आठवलं. त्या वर्षी अण्णा अचानक जिंकायला लागले होते. आणि आम्ही सगळे मामाला चिडवत होतो, की मामा, तुझं डोकं चालेनासं झालं! तो हसायचा.

मामाचा असा संताप आला, की समोर असता तर वही त्याच्या तोंडावर फेकली असती. जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस नेमका इथेच मुका झाला. मग नजर अण्णांच्या वहीवर गेली. २८ वरून ३६, खाली त्यांची सही. ही वही सात वर्षं माझ्याच पलंगाखालच्या पेटीत होती. मामाची वही हाती येईपर्यंत मी ती एकदाही उघडली नव्हती.

"थांबलात का?" अण्णांनी विचारलं.

त्यांनी वाट पाहिली नाही. घोडा उचलला, सरळ दोन घरं पुढे नेऊन ठेवला. मग पेन घेऊन, जीभ किंचित बाहेर काढून, वहीत नंबर लिहिला आणि खाली सही केली.

"बरोबर आहे ना, बाई?"

"बरोबर आहे," मी म्हणाले आणि माझं प्यादं पुढे सरकवलं.