वीणाची चाळणी

आमच्या लंडनजवळच्या पिनरमध्ये कुणाच्या घरी काय चाललंय हे मला विचारायची पद्धत आहे, आणि मी सांगतेही. हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात आयुष्य गेलं. माणसाच्या आत डोकवायची खोड रिटायर झाल्यावरही सुटली नाही. पण वीणाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण इथल्या मराठी मंडळातल्या बायका तिच्याबद्दल काहीबाही बोलायला लागल्यात आणि ते माझ्याच्याने ऐकवत नाही.

वीणा माझी शेजारीण. पुण्याची मुलगी, घरून अकाउंट्सचं काम करते. नवरा माधव नागपूरचा, बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीने त्याला चीनमध्ये सुझौला पाठवलं, तिथल्या फॅक्टरीत मशीन्स बसवायला. लेक तनिषाची जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा होती, म्हणून मायलेकी इथेच राहिल्या.

आता तिकडची गंमत ऐका. तिकडे व्हॉट्सॲप चालत नाही, गूगल चालत नाही. व्हीपीएन म्हणून एक चोरवाट असते, ती आज उघडी तर उद्या बंद. चालतं ते तिथलं एकच हिरवं ॲप. बोलायचं त्यावर, भाजीचे पैसे द्यायचे त्यावर, मेट्रोत शिरायचं त्यावर, डॉक्टरची वेळसुद्धा त्यावरच. आणि ते हिरवं ॲप भारतात बंद. म्हणजे दोन देशांनी एकमेकांची दारं लावून घेतलेली, आणि मधे पिनरला आमची वीणा, एका फोनवर दोन्ही ॲप्स घेऊन बसलेली. माधवचे वडील, अण्णा, नागपूरहून तिला व्हॉट्सॲप करायचे आणि ती ते माधवकडे ढकलायची.

अण्णा म्हणजे रिटायर्ड प्रोफेसर. बोटं थरथरतात म्हणून टायपिंग नाही, सगळं बोलून पाठवायचे. आणि फॉरवर्ड तर विचारूच नका. एकदा त्यांनी चीनच्या मोठ्या साहेबांवरचं एक कार्टून पाठवलं. ‘माध्याला पाठव, हसेल जरा.’ वीणाने आपण सगळे करतो तेच केलं. न बघता पुढे ढकललं. त्यातून ते माधवऐवजी गेलं त्याने हिरव्या ॲपवर तिथल्या मराठी लोकांसाठी काढलेल्या गणपतीच्या ग्रुपवर.

दुपारपर्यंत ग्रुप गायब. संध्याकाळी माधवचं अकाउंट बंद, कारण ग्रुप त्याच्या नावावर. खिशात रोख पैसे नाहीत, दुकानदार रोख घ्यायला तयार नाही, फॅक्टरीचं गेट उघडत नाही. एका चिनी सहकाऱ्याने त्याला जेवू घातलं आणि आपल्या नावावर हमी देऊन अकाउंट सुरू करून दिलं. मग ऑफिसातल्या बाईंनी माधवला बोलावलं, चहा दिला आणि गोड शब्दांत सांगितलं की पुन्हा असं झालं तर आम्हाला काही करता येणार नाही.

वीणा इतकी हादरली की दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखी ताकही फुंकून प्यायला लागली. नियमच केला. माधवला कुणी परस्पर काही पाठवायचं नाही. सगळं आधी तिच्याकडे, ती बघणार, ऐकणार, मग काय ते पाठवणार. अण्णा दहा मिनिटं सीमेवरून आणि चिनी मालावरून तावातावाने बोलायचे. वीणा त्याचं करायची, ‘अण्णा बरे आहेत. जेवले.’ आणि मूळ मेसेज लगेच डिलीट. तिच्या फोनवर ते राहायलाच नकोत म्हणे.

“वीणा, तुझी चाळणी फार बारीक झालीय गं,” मी म्हणायचे. “कोंडा काढता काढता पीठही टाकशील.”

“नंदाताई, तुम्हाला हसायला काय जातंय? त्याचं अकाउंट गेलं तर तो उपाशी राहील तिकडे.”

ते खरंच होतं, म्हणून मी गप्प बसायचे. पण चाळणीची सवय वाईट. तनिषाला मॉक्समध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, कमी मार्क पडले, ते पाठवलं नाही. भर थंडीत बॉयलर बंद पडला, नाही पाठवलं. स्वतः रडली तेही नाही. यात चीन कुठे आला? पण हाताला वळण लागलं होतं. “मम्मी फक्त बोरिंग गोष्टी पाठवते,” तनिषा म्हणायची. “बाबाला वाटत असेल आपला घर म्हणजे एक फ्रिज आहे.”

मार्चमध्ये नागपूरहून वीणाच्या सासूबाईंचा फोन आला. अण्णांना ॲडमिट केलंय, हृदयाचं आहे, पण सावरतील. “आणि हे बघ, माधवला सांगू नकोस. काम संपत आलंय त्याचं. तिथून तो काय करणार? उगाच जिवाला घोर.”

हे मात्र आपलं खास. परदेशातल्या मुलाला वाईट बातमी द्यायची नाही. माझी आई गेली तेव्हा मला दहाव्यानंतर कळवलं होतं, आणि कळवणाऱ्यांना वाटत होतं आपण माझ्यावर माया केली. त्या मायेचा राग माझा अजून गेलेला नाही. मी वीणाला सांगितलं, कळव त्याला. ती म्हणाली, “आईंची ऑर्डर आहे. आणि तो तिकडे टेन्शनमध्ये काहीतरी लिहून बसला तर?” रविवारी माधव नागपूरला साधा फोन करायचा. त्या रविवारी आई म्हणाल्या, अण्णा झोपलेत. त्याने विश्वास ठेवला.

नंतर एका दुपारी मी तिच्याकडे डबा परत द्यायला गेले. वीणा किचनमध्ये फोन घेऊन बसली होती.

“अण्णांचा एक मेसेज राहिलाय,” ती म्हणाली. “ॲडमिट व्हायच्या आधीचा. चायनाने सुरुवात झाली, माझी मीटिंग होती, मी बंदच केला. डिलीट करायचा राहून गेला.”

“मग ऐक की आता.”

“तेच असणार, नंदाताई.”

“असू दे. आजारी माणसाचा आवाज आहे. लाव.”

तिने लावला. अण्णांचा आवाज चढा होता. काहून म्हणून यांचा माल घेतो आपण, तिथल्या साहेबाला कुणी विचारणारं नाही का, इकडे आमच्या पोराशी बोलायचं तर सुनेच्या मार्फत, हे काय राज्य आहे का. वीणा कंटाळून कपबश्या आवरायला लागली. मग अण्णा थांबले. खोकले. जिना चढून गच्चीवर आले असावेत, कारण श्वास लागला होता आणि वाऱ्याचा आवाज येत होता.

“माध्या,” ते हळू म्हणाले. “तुझी आई खाली आहे म्हणून वर आलो. फोनवर ती बाजूला उभी राहते, बोलता येत नाही. डॉक्टरने मला खरं सांगितलं आहे. फार दिवस नाहीत रे. तुला कुणी सांगणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मीच सांगतो. येऊन जा एकदा. वीणाला म्हणावं, हा मेसेज पूर्ण पाठव.”

वीणाच्या हातातली बशी तशीच राहिली. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी तिची इतकी कीव आली की मला काय करावं ते सुचेना. मी तिला खुर्चीवर बसवलं.

“फोन कर.”

तिने केला. वाजत राहिला. फॅक्टरीत शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पुन्हा केला. पुन्हा.

“हा मेसेजच पाठव,” मी म्हटलं. “बाहेर येईल तेव्हा ऐकेल.”

“सुरुवातीला काय काय बोललेत ते ऐकलंत ना तुम्ही? अकाउंट गेलं तर तिकीट कशावर काढेल तो?”

“अगं, मराठी ऐकतंय कोण तिकडे?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “ऐकतही नसतील.”

“मग वर्षभर कुणासाठी कापत होतीस?”

हे मी बोलायला नको होतं. मग तिने मराठीत दोनच वाक्यं टाइप केली. ‘अण्णा सीरियस आहेत. तुला बोलावलंय.’ पाठवताना तिचा अंगठा स्क्रीनवर अडला, तेवढ्यातही अडला, आणि मग टेकला.

बऱ्याच वेळाने माधवचा फोन आला. मी उठून जात होते, तिने माझा हात धरून ठेवला. पहिला प्रश्न त्याने विचारला, “केव्हापासून?” वीणाने खरं सांगितलं, ॲडमिट केल्याचं, आईंच्या ऑर्डरचं आणि न ऐकलेल्या मेसेजचंही. मग तो म्हणाला, “वीणा, माझा पासपोर्ट रेसिडन्स परमिटच्या रिन्युअलसाठी ऑफिसात दिलाय. मागच्या वीकपर्यंत तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता.”

पासपोर्ट परत मिळवण्यात दिवस गेले. त्या दिवसांत वीणा जेवली असं मला आठवत नाही. थेट विमान मिळेना, मिळालं ते फिरत फिरत जाणारं. तो नागपूरला पोचला तेव्हा अण्णा व्हेंटिलेटरवर होते. हात हातात घेता आला, तेवढंच. बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

मंडळातल्या बायका म्हणतात, सुनेने बापलेकाची भेट होऊ दिली नाही. त्यांना सांगा, नवरा उपाशी राहू नये म्हणून भ्यायलेल्या बाईचं आहे हे. आणि ज्यांनी स्वतःच्या घरी कुणापासून काही लपवलं नसेल त्यांनी पुढे बोलावं.

चीनचं काम सोडून माधव पिनरला परत आला. मी भेटायला गेले. चहा झाल्यावर त्याने वीणाला विचारलं, “अण्णांचे बाकीचे मेसेज?”

“डिलीट केले,” ती म्हणाली.

“सगळे?”

“सगळे. हा एकच राहिला.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, वीणाला तरी.

आता संध्याकाळी भिंतीपलीकडून मला अण्णांचा आवाज ऐकू येतो. आमची घरं एकाला एक लागून, भिंती पातळ. माधव मेसेज सुरुवातीपासून लावतो. काहून म्हणून यांचा माल घेतो आपण. तिथल्या साहेबाला कुणी विचारणारं नाही का. ते चिडलेले अण्णा तो रोज ऐकतो, वीणाने वर्षभर त्याच्यापर्यंत पोचू दिले नव्हते ते. मग अण्णा थांबतात, खोकतात, आणि तिथेच माधव बंद करतो. पुढचं तो ऐकत नाही.

वीणा तेव्हा किचनमध्ये असते. नळ सोडलेला असतो, पण भांडी वाजत नाहीत.