ओला गम आणि बांधलेली पोटली

आधी माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. मुलीकडून तपासून घेतलं असतं, पण पूनम गुजराती शाळेत शिकली, तिला माझ्याहून कमी मराठी लिहिता येतं. तेव्हा आहे तसं वाचून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिलं पोटलं सोडलं तेव्हा आतून गमचा उग्र वास आला. मालूबाईने वरची साडी ओढली, तर तिच्याबरोबर खालच्या दोन साड्याही उचलल्या गेल्या. तिने पुन्हा ओढली. चर्र आवाज झाला. मालूबाई माझी शेजारीण, माझ्याच हाताखाली काम करते. तिने साडी तशीच खाली ठेवली. लॉकडाऊन नुकता उठला होता. शेठचा फोन आला होता की माल घेऊन या. आणि माझ्या घरात भिंतीला लावून अशी सहा पोटली उभी होती.

आमचं काम काय ते सांगते. सुरतमध्ये साडी एका जागी तयार होत नाही. कापड लूमवर विणतात, मिलमध्ये छापतात, मार्केटमध्ये विकतात. मधली बारीक कामं आमच्यासारख्यांच्या घरी येतात. त्याला जॉबवर्क म्हणतात. कोणी धागे कापतं, कोणी लेस लावतं, आम्ही गम लावून स्टोन, म्हणजे चमकते खडे, चिकटवतो. मी रिंग रोडच्या मार्केटमधून किशोरभाई शेठचा माल आणते, डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत बायकांना वाटते, झालेला माल मोठ्या पोटल्यात बांधून पोचवते आणि मजुरी आणून देते. साडीमागे थोडे पैसे मला सुटतात.

या कामाचे नियम थोडे आहेत. स्टोन लावल्यावर साडी पसरून ठेवायची, गम वाळल्याशिवाय घडी घालायची नाही. मोजून बांधलेलं पोटलं शेठच्या दुकानाशिवाय दुसरीकडे सोडायचं नाही, कारण नग कमी निघाला तर सोडणाऱ्यावर येतं. आणि जॉबवर्कवाल्याच्या घरी माल बिघडला तर त्याला डॅमेज म्हणतात, त्याची किंमत मजुरीतून कापली जाते. हे कुठे लिहिलेलं नसतं. सगळ्यांना माहीत असतं.

बंदची बातमी आली तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या घरी साड्या पसरलेल्या होत्या. आमच्या खोल्या लहान. दिवसा पुरुष कामावर, मुलं शाळेत, म्हणून साड्या पसरायला जागा मिळते. आता सगळे घरीच राहणार म्हटल्यावर बायकांनी आपापला माल उचलला आणि माझ्याकडे आणून टाकला. काही साड्यांचा गम वाळला होता, काहींचा ओला होता. कोणत्या कोणाच्या ते बघायला वेळ नव्हता. बाहेर पोलिसांची शिट्टी ऐकू येत होती. आम्ही मोजून घड्या घातल्या आणि पोटली बांधली. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असं वाटलं.

मग महिने गेले. पूनमचे पप्पा सचिन भागातल्या ज्या मिलमध्ये कामाला होते, ती बंद झाली. शेजारची निम्मी घरं खान्देशात निघून गेली. माझ्या दिराचा शिरपूरहून रोज फोन यायचा की या, इथे निदान भाकरी आहे. आम्ही गेलो नाही. दुसऱ्याचा माल कुलपात टाकून कसं जायचं? पोटल्यांवर मी चादर घातली, उंदीर येऊ नये म्हणून खाली पाट ठेवले, पूनमला त्यांना टेकून बसू दिलं नाही. सगळं जपलं, फक्त सोडून बघितलं नाही. नियमच तसा होता. आतमध्ये वरच्या साडीचे स्टोन खालच्या साडीला चिकटत होते आणि मी बाहेरून राखण करत होते.

त्या दिवसांत रेशनचं धान्य आम्ही घेतलं, ते कार्डावर होतं. काही मंडळी फोटो काढून धान्याची किट वाटत होती, ती घेतली नाही. यात मोठेपणा काही नाही, मला फोटोची लाज वाटते.

तर शेठचा फोन आल्यावर, एवढ्या दिवसांचा माल एकदा बघून न्यावा म्हणून, नियम मोडून पोटली सोडली. पूनमच्या पप्पांनी थिनर लावून बघितलं, स्टोन सुटले पण रंगही निघाला. मग मालूबाईने एक साडी पत्र्यावर उन्हात टाकली. गम तापून मऊ झाला की हळूहळू साड्यांचे थर सुटायला लागले. आम्ही सगळ्या गच्चीवर बसून सोलत राहिलो. निम्म्याहून जास्त माल वाचला. उरलेल्या साड्यांवरचं जरीकाम उसवलं होतं, नाहीतर गमचे पिवळे डाग पडले होते. त्या पार्टीला, म्हणजे शेठच्या गिऱ्हाइकाला, देण्यासारख्या नव्हत्या. त्यांची किंमत धरली तर माझी वर्षभराची कमाई जात होती. आणि शेठने काम बंद केलं असतं, तर सगळ्या गल्लीच्या चुली त्याच कामावर होत्या.

त्याच आठवड्यात विलासभाऊ आले. आमच्या वॉर्डात राजकारण करतात, माणूस वाईट नाही, बंदमध्ये बऱ्याच जणांना मदत केली त्यांनी. ते एक अर्ज घेऊन आले होते. बंदच्या काळातलं सगळं डॅमेज माफ करावं, व्यापाऱ्यांनी नाहीतर सरकारने सोसावं, असं त्यात होतं. बायकांनी सह्या केल्या, कोणी अंगठे दिले. मालूबाईने सगळ्यात आधी केली. मी कागद हातात घेऊन बसले.

"सही कर ना व माय," मालूबाई म्हणाली. "सरकारनी बंद कयं, आपन थोडं कयं?"

बंद सरकारने केलं होतं, आम्ही नाही, असं तिचं म्हणणं. मला बोलायचं असतं तेव्हा सुचत नाही, घरी भांडी घासताना सुचतं. मी विलासभाऊंना म्हटलं, नंतर करते. ते म्हणाले, "ताई, एक सही कमी झाली की जोर कमी होतो."

घरी पूनमही त्यांच्याच बाजूने होती. ती नववीत होती, शिकलेल्या मुलीसारखी बोलायची.

"बँकासुद्धा हप्ते थांबवतात, आई."

"थांबवतात," तिचे पप्पा म्हणाले. "सोडत नाहीत."

मला काय वाटतं ते लिहिते. बंद करण्याआधी सरकारने आमची गल्ली बघायला हवी होती. एका खोलीत सहा माणसांनी अंतर कसं ठेवायचं, हे लांब बसून ठरवता येत नाही. भाजीवाल्याला, शिंप्याला, लूमवाल्याला सांभाळून काम करू दिलं असतं तर त्यांनी केलं असतं, कारण पोट त्यांचं होतं. पण म्हणून आमच्या घडीचा डागही सरकारनेच भरावा, हे मला पटत नव्हतं. सरकार जे भरतं ते कोणाच्या तरी कमाईतूनच भरतं. आणि सगळ्या गोष्टी त्याच्याकडे मागायला लागलं, की मग आपण कधी उठायचं आणि कधी दार लावायचं हेही तेच ठरवतं. ते आम्ही नुकतंच पाहिलं होतं.

पूनमचा निकालही तेव्हाच लागला होता. परीक्षा न घेताच सगळ्यांना वरच्या वर्गात घातलं होतं. ती खुश होती. मी विचारलं, शेवटचे धडे आले का? ती म्हणाली, आता कोण विचारणार आहे. तो निकाल आणि तो अर्ज मला एकसारखाच वाटला. दोन्हीत न झालेलं काम झालं असं लिहायचं होतं. मी सही केली नाही.

रिक्षात वाचलेला माल आणि वेगळ्या गाठोड्यात खराब साड्या घेऊन मी मार्केटला गेले. लिफ्ट बंद, गाळ्यांची अर्धी शटरं खाली. दारात रखवालदाराने कपाळावर मशीन धरून ताप बघितला. शेठ एकटेच गादीवर बसले होते. एरवी तिथे चार माणसं असायची.

"आवो बेन. अर्जी लाए हो?"

त्यांना अर्जाचं कळलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली आणि गाठोडं पुढे सरकवलं.

"डॅमेज है," मी म्हटलं.

"बेन, मास्क थोडा नीचे करो, कुछ सुनाई नहीं देता."

मी मास्क खाली केला, तर दारातून रखवालदार ओरडला, मास्क ऊपर. शेठ हसले. मीही हसले, आणि त्यामुळे पुढचं बोलता आलं.

शेठने साड्या उलगडल्या, डागांवर बोट फिरवलं.

"लॉकडाऊन में हुआ?"

"हमारे घर में हुआ," मी म्हटलं.

त्यांनी साडी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले की त्यांच्या पार्ट्यांनीही पेमेंट अडकवलंय, जो येतो तो माफीच मागतो, तेही कोणाकडे तरी मागतच आहेत. आणि मग स्वतःच म्हणाले, "चलो, आधा मैं छोड़ देता हूँ."

अर्धं सुटत होतं. मी घरून हिशेब करून आले नव्हते, पण एवढं कळत होतं की अर्धं सोडलं तर पुढचा लॉट देताना शेठच्या मनात तेच अर्धं राहील. माल देताना हात आखडेल. त्यात त्यांचं चुकलं नसतं.

"छोड़ो मत, शेठ. काम दो. हर लॉट में थोड़ा काटो."

"टाइम लगेगा, बेन."

"लगने दो."

त्यांनी नोकराला हाक मारली. नोकर नव्हता, गावी गेला होता. मग स्वतःच उठून आतून माल काढला. परत येताना रिक्षा रिकामी नव्हती.

बायकांना मी सांगितलं की त्यांची मजुरी पूर्ण मिळेल, कापायचं ते माझ्या हिश्शातून. पोटली माझ्या घरात होती. ज्यांनी अर्जावर सही केली त्यांनाही काम दिलं. तरी मालूबाई फुगली. नळावर तिने मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू कोनती मोठी सावकारीण?" मी बादली भरली आणि आले. तिचा राग मला समजत होता. मी सही न केल्यामुळे तिची सही चुकीची दिसत होती, असं तिला वाटलं. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण तेही बोलता आलं नाही.

तो अर्ज पुढे कुठे गेला कोणास ठाऊक. विलासभाऊंनी चकरा मारल्या म्हणे. काही आलं नाही.

एकदा मजुरी वाटत होते तेव्हा मालूबाईने आपले पैसे मोजले, त्यातली एक नोट काढून माझ्या हिशेबाच्या पाटीवर ठेवली.

"हे काय?"

"मन्हा बी काप," ती म्हणाली. "ओली साडी मीच आणी टाकेल व्हती. तू काय एकलीनी घडी घाली का?"

तिने केलं म्हणून बाकीच्यांनीही जमेल तसं दिलं. सगळ्यांनी नाही. गल्लीतल्या शोभाने दिलं नाही, ती दुसऱ्या जॉबवर्कवाल्याकडे गेली आणि अजून रस्त्यात दिसली की पलीकडून जाते. तिचं घर लहान आणि नवऱ्याला काम नव्हतं. मी तिला बोल लावत नाही.

पूनमला दुसऱ्या वर्षी दहावीलाही परीक्षा न देता पास केलं. मार्केट उघडलं, मिल उघडली, हॉटेलं उघडली, शाळा मात्र बंदच. मुलं मोबाइल समोर ठेवून झोपायची. आमच्या गल्लीच्या टोकाला पाटील सर राहतात, खाजगी शाळेत गणित शिकवायचे, शाळेने पगार थांबवला होता. मी त्यांना आमच्या गच्चीवर थोड्या मुलांना लांब लांब बसवून शिकवायला सांगितलं. म्हणजे पूनमच्या पप्पांना सांगायला लावलं. काही लोक म्हणाले, सर रिकामेच बसलेत, फी कशाची? मी पहिल्या महिन्यापासून फी दिली. शिकवणं हेही कामच आहे, मजुरी ठरलेली बरी. पूनम कुरकुरत जायची. अकरावीत कॉमर्सला परीक्षा खरोखरची झाली, तेव्हा पेपर बघून घाबरली नाही एवढंच तिने कबूल केलं. माझं बरोबर होतं असं ती म्हणाली नाही.

कपातीचा शेवटचा लॉट पोचवला त्या दिवशी दुपार होती. दुकानात पुन्हा चार माणसं होती, नोकर परत आला होता. शेठने चलन, म्हणजे मालाची पावती, काढलं, राहिलेलं कापलं आणि मग आतून ते जुनं गाठोडं मागवलं. डॅमेज भरून झालं की माल भरणाऱ्याचा होतो, हाही मार्केटचा नियम आहे. मी विसरले होते.

"ये आपका, बेन," शेठ म्हणाले. "पहनो."

गल्लीत मी त्या साड्या सगळ्यांना वाटल्या. मालूबाई तिची नेसून लगेच दारात उभी राहिली. स्टोन निघाले होते तिथे बारीक गोल खुणा होत्या, लांबून नक्षीच वाटायची. ती म्हणाली, इतकी महाग साडी तिच्या लग्नातही नव्हती. शोभाच्या वाटची एक मी तिच्या दाराच्या कडीला अडकवून आले. दुसऱ्या दिवशी साडी तिथे नव्हती.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच, की गम ओला असताना घडी घालायची नाही, बाहेर कितीही शिट्ट्या वाजू देत. आणि बांधलेलं पोटलं आता मी महिन्यातून एकदा सोडून बघते, नियम असो नसो.

त्या दुपारी गाठोडं उचलण्याआधी मी शेठना पुन्हा एकदा विचारलं, काही राहिलं का. त्यांनी चलन माझ्याकडे फिरवून दाखवलं. कुछ नहीं, म्हणाले. पैसे पूर्ण फिटले होते.