पैशांच्या मागे तापोळ्यापर्यंत

माझे शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि अक्षर रेघेवर बसणार नाही, हे मला माहीत आहे. ही वही मी माझ्यापुरती लिहिते, तरी कधी कुणाच्या हाती पडलीच तर त्याने सांभाळून घ्यावे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. विचारायचे ते राहून जाते आणि मग डोक्यात फिरत बसते.

मी आणि माझी मैत्रीण तळोज्याच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटतो. दोघी नावड्याला राहतो. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून आम्ही एकमेकींची सायकल धरून सायकल शिकलो आणि कामाला सायकलवरच जायला लागलो. माझा नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहे. तिचे माहेर जावळीकडचे, कोयनेच्या पाण्यापलीकडचे. माझे खटावचे, जिथे पाणी बघायला मिळत नाही.

दिवाळीआधी माझी भिशी लागली. ते पैसे कुठे जाणार हे ठरलेले होते. होळीच्या सुमाराला खोलीचे अ‍ॅग्रीमेंट संपत होते आणि घरमालकाला वाढीव डिपॉझिट हवे होते. नाही दिले तर खोली सोडायची. नवऱ्याला वाटत होते पैसे बँकेत आहेत. ते बँकेत नव्हते, कारण भिशी लागली त्याच आठवड्यात मैत्रिणीने हात धरून मागितले. अडचण आहे, कसली ते विचारू नको, महिन्याभरात देते, म्हणाली. मी विचारले नाही.

पंधरा दिवसांनी ती गिअरची सायकल घेऊन कामावर आली. जुनीच होती, पण रंग चकचकीत आणि टायर जाड. नेरूळच्या कुठल्याशा सोसायटीत एक बाई टाकून देत होती, ती मला दिली, असे तिने सगळ्यांना सांगितले. सगळ्या बायकांनी घंटी वाजवून बघितली. मी लांबूनच बघितली. अशी सायकल कोण टाकून देईल?

महिना उलटला. ती पैशांचे नाव काढीना आणि मला मागता येईना. मग कळले की कारखाना दुरुस्तीसाठी बंद राहणार तेव्हा ती सायकलने माहेरी जाणार आहे. बायकांना एसटीला अर्धे तिकीट असताना कुणी सायकलने घाट चढते का? तेव्हाच माझ्या मनात आले, ही परत यायची नाही. त्या डोंगरात जाऊन बसली तर मी कुणाला विचारणार? मी म्हटले, मीपण येते. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली आणि म्हणाली, चल की. ते हसणेही मला बरे वाटले नाही.

नवरा म्हणाला, "सायकलवर? पेणच्या पुढं जात न्हाईस तू." मी पेणच्या पुढे गेले.

मुंबई-गोवा रस्त्याची धूळ नाकातोंडात जात होती. बाजूने ट्रक गेला की सायकल आपोआप कडेला ओढली जायची. मी नेमाने तिच्या मागे राहिले. पुढे गेले आणि ती मागच्या मागे वळली तर? ती ओरडायची, अगं पुढं ये, मागं काय करतीस, आणि मी पाय दुखतात म्हणायची. चहाचे, वडापावचे पैसे तीच द्यायची. दर वेळी नोट काढली की वाटायचे, ही माझीच. तिला फोन यायचा, की ती उठून लांब जाऊन बोलायची आणि परत आली की तोंड उतरलेले असायचे. कुणाचा फोन, विचारले तर म्हणायची, भावाचा. महाडच्या अलीकडे एका देवळात आम्ही मुक्काम केला, तेव्हा ती आपली पिशवी उशाला घेऊन झोपली. माझी पिशवी मात्र तिने खुशाल भिंतीशी ठेवायला सांगितली.

पोलादपूर सोडल्यावर घाट लागला. पहिल्याच वळणावर माझ्या साध्या सायकलने दम सोडला. ती उतरली आणि म्हणाली, तू माझी घे. मी नको म्हटले. तिने माझ्या हातातून हँडल काढूनच घेतले. गिअरच्या सायकलवर पाय नुसते फिरवत राहिले तरी ती चढत होती, आणि खाली दरीत झाडे इतकी दाट की जमीन दिसत नव्हती. मला इतके हलके कधी वाटले नव्हते. वळणावर थांबून बघितले तर ती माझी सायकल ढकलत, घामाने भिजून वर येत होती. ज्याचे पैसे बुडवायचे त्याच्याशी असे गोड वागतात, हे मी बाजारात बघितलेले आहे. तरीपण मी सायकल परत दिली नाही.

महाबळेश्वर मागे टाकून तापोळ्याला उतरलो. रस्ता पाण्यापाशी संपतो. पुढे तराफा. त्यावर एक जीप, दूधवाल्याची मोटारसायकल आणि आम्ही दोघी. चारी बाजूंना डोंगर आणि मध्ये ते एवढे पाणी. आता ही पलीकडे उतरली, की तिचा गाव, तिची माणसं. माझे बोलणे तिथे कोण ऐकणार? तराफा मधोमध आला तेव्हा मी विचारले. कसे विचारले मला कळले नाही.

"माझे पैसे कुठंयत?"

तिने गिअरच्या सायकलच्या सीटवर थाप मारली. "ह्याच्यावर बसूनच आलीस की तू."

दूधवाला हसला. मी हसले नाही.

मग ती पाण्याकडे बघत बोलत राहिली. लग्न झाल्यापासून ती माहेरी आली ती कुणाच्या तरी मागे बसून. आधी नवऱ्याच्या, मग भावाच्या, नाहीतर एसटीत पिशव्यांच्या ढिगात. एकदा तरी आपल्या पायांनी यायचे होते. फोन भावाचेच होते. गावात तमाशा नको, सायकल तापोळ्यालाच ठेवून ये, म्हणत होता. मी ऐकून घेतले. खरे असेल, नसेलही. मग मी खोलीचे सांगितले, डिपॉझिटचे, आणि नवऱ्याला माहीत नाही हेही. तिने सीटवरचा हात काढून घेतला.

गावात ती सायकलवरच शिरली. भावजय तोंडाला पदर लावून हसली. भावाने सायकलकडे बघितलेही नाही, फक्त आम्हांला पाणी दिले. आम्ही दोन रात्री राहिलो आणि त्या दोन्ही रात्री मी दारापाशी झोपले.

परत तापोळ्याला आलो तेव्हा ती सरळ पाण्याकाठी तंबू लावणाऱ्या माणसाकडे गेली. तो पर्यटकांना सायकली भाड्याने देतो. तिने गिअरची सायकल त्याच्यासमोर उभी केली. त्याने चेन बघितली, ब्रेक दाबले, भाव पाडला. ती म्हणाली, "दादा, अख्खा घाट चढून आलीय ही. दोन बायकांनी चढवलीय." त्याने भाव वाढवला. लगेच वाढवला, म्हणून मला वाटले ह्यांची आधीची ओळख असणार. पैसे तिने हातातही घेतले नाहीत, मला द्या म्हणाली. ते माझ्या रकमेच्या निम्म्याहून थोडे जास्त होते.

माझी सायकल आणि आम्ही दोघी स्ट्रॉबेरीच्या पिकअपमध्ये बसून आलो. फळांच्या कॅरेटांच्या मध्ये जागा केली होती. रस्त्याने तिने एकदाही मागे वळून बघितले नाही, आणि मी मात्र तिच्याकडे बघत होते, रडते का ते. रडली नाही.

घरमालकाने निम्मे घेतले आणि बाकीच्याला होळीनंतरची मुदत दिली. नवऱ्याला मी सगळे सांगितले. तो जेवणावरून उठला नाही, एवढेच. तिची जुनी सायकल गिअरची घेतानाच मोडीत गेली होती, म्हणून ती माझ्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून कामाला येऊ लागली आणि दर पगाराला थोडे थोडे देत गेली. एका पगाराला तिने दिले नाहीत तेव्हा माझा जुना संशय पुन्हा वर आला, पण दुसऱ्या पगाराला तिने दोन्हीचे एकदम दिले.

परवा शेवटचे दिले. कॅन्टीनच्या मागे, कणकेच्या हातांनी. मी तिच्यासमोरच मोजले, मग पुन्हा मोजले. ती परातीत पाणी घालायची थांबली होती.

"बरोबर हाय?" तिने विचारले.

बरोबर होते. सगळे फिटले होते.