काळी चारचा भीमपलास

या सदरात लोक जे लिहितात ते मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा हसते. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... चालू द्या तुमचं. मी कोल्हापुरात जन्मभर शाळेत गणित शिकवलं. ‘सिद्ध करून दाखव’ म्हटल्याशिवाय पोरांचं काही ऐकून घेतलं नाही, मग भुताखेतांचं कुठलं ऐकणार! आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी लिहायला बसलेय, कारण एक गणित माझ्याकडून सुटलेलं नाही आणि आता ऐंशीला टेकल्यावर सुटेल असंही वाटत नाही. यात अमावस्या नाही, स्मशान नाही. भर दुपारची गोष्ट आहे. अंगावर काटा हवा असेल त्यांनी पान उलटलं तरी माझी तक्रार नाही.

साठचं दशक संपत आलेलं. मंगळवार पेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही तिघं राहायचो — अप्पा, आई आणि मी. भिंतीला भिंत लागून दस्तगीर चाचांचं घर. चाचा शिंपी, अप्पांचे जुने दोस्त. अप्पा म्हणजे माझे वडील, हार्मोनियम वाजवायचे. आमच्याकडं तिला पेटीच म्हणतात. तरुणपणी ते नाटक कंपनीत वाजवत. कंपनी बुडाली, मग पेठेतल्या पोरींना गाणं शिकवून त्यांनी संसार केला. त्या पोरींतली सगळ्यात जास्त बोलणी खाणारी मी.

तरुण वाचकांना इथं एक सांगायला हवं. त्या काळी रेडिओवर पेटीला बंदी होती. हो, चक्क बंदी! आपल्या गाण्यातले बारीक सूर पेटीतून निघत नाहीत असं वरच्या लोकांचं मत होतं. गायकाच्या साथीला सारंगी चालायची, व्हायोलिन चालायचं, पेटी मात्र स्टुडिओच्या दाराबाहेर. अप्पांना हे फार लागलेलं. रेडिओवर कुणाचं गाणं लागलं की ते पेटी पुढ्यात ओढायचे, घरबसल्या साथ करायचे आणि मधूनच रेडिओकडं बघून एक शिवी हासडायचे. आई म्हणायची, “त्यास्नी ऐकू जातंय व्हय?” अप्पा म्हणायचे, “न जाईना का. माझं समाधान हाय की.”

मग एक दिवस अप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात शाबूत राहिला, पण पेटीला दोन हात लागतात... एक पट्ट्यांवर आणि एक भात्यावर. पेटी कोपऱ्यात गेली, तिच्यावर आईनं चादर टाकली. अप्पा खाटेवर आणि उशाशी रेडिओ, एवढंच उरलं. पुन्हा झटका आला तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

त्याच वर्षी मी रेडिओची ऑडिशन पास झाले. कोल्हापूरला तेव्हा केंद्र नव्हतं, सांगलीला होतं. दुपारच्या सभेत, म्हणजे दुपारच्या प्रसारणात, गाण्याची वेळ मिळाली. कार्यक्रम थेट असायचा, म्हणजे मी तिकडं गायले की त्याच क्षणी इकडं ऐकू येणार. भीमपलास गायचा आणि चीज अप्पांनी स्वतः बांधलेली. पत्र आलं तेव्हा अप्पा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. नंतर आईला म्हणाले, “एवढं ऐकतो आन् मग काय व्हायचं ते होऊंदे.” आईनं हे मला चुलीपाशी सांगितलं आणि डोळे पुसले. आता हे गाणं माझं राहिलंच नव्हतं. ते अप्पांनी ऐकायला हवं होतं, बस्स.

मे महिना होता, शाळेला सुट्टी होती. आदल्या दिवशी एका मैत्रिणीच्या लग्नात मी शहाण्यासारखी बर्फ घातलेलं सरबत प्याले आणि सकाळी उठले तर घसा धरलेला! अप्पांना कळू नये म्हणून मुद्दामच कमी बोलले. निघताना त्यांच्या पाया पडले तर म्हणाले, “इंदे, काळी पाच सोडू नको. वरचा सा तिथंच उजळतोय.” काळी पाच म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. तिला सा धरून मी लहानपणापासून गायचे. अप्पांनीच ती पट्टी मला ठरवून दिली होती.

सांगलीला एसटीनं पोचले. स्टुडिओत तबला, व्हायोलिन, तानपुरा सगळी मंडळी हजर. गुणगुणून बघितलं तर काळी पाचात वरचा सा फाटायला लागला. मग काय करते? तानपुरा खाली उतरवायला सांगितला, काळी चारला. अप्पा रागावणार हे ठाऊक होतं, पण रेडिओवर आवाज फाटण्यापेक्षा बोलणी परवडली.

आमची वेळ जवळ आली आणि बाहेर एकदम धावपळ सुरू झाली. दिल्लीतल्या एका मोठ्या नेत्याच्या निधनाची बातमी आली होती. ठरलेले कार्यक्रम थांबवून सारंगीच्या दुखवट्याच्या रेकॉर्डी लावल्या गेल्या. ड्यूटीवरचे साहेब घाईघाईनं आत आले, म्हणाले, “पुढचा हुकूम येईपर्यंत तुम्ही तयार बसा. तोवर एकदा गाऊन घ्या, बॅलन्स तरी होऊन जाईल.” बॅलन्स म्हणजे काचेपलीकडच्या खोलीत बसलेला इंजिनिअर कानाला हेडफोन लावून आमचे आवाज कमी-जास्त जुळवून घेतो. ते गाणं फक्त त्याला ऐकू जातं, बाहेर नाही.

मी गायले. पूर्ण चीज गायले. अंतऱ्याला जाताना खोकला आला, तो दाबून पुढं गेले. संपलं आणि साहेब पुन्हा आले. आज काही नाही, सगळे कार्यक्रम रद्द. पुढची तारीख पत्रानं कळेल.

परतीची एसटी धरली. हातकणंगल्याला दुकानं बंद दिसली. सगळ्या देशाला दुखवटा आणि मी मात्र त्या गेलेल्या माणसावर चिडलेली... आज हसू येतं, पण तेव्हा मनापासून चिडले होते. पुढची तारीख म्हणजे दोन-तीन महिने तरी. अप्पांकडं तेवढे होते का? त्यांना काय सांगायचं याचं एक वाक्य मी वाटेत किती वेळा जुळवलं आणि मोडलं.

घरात पाऊल टाकलं तर अप्पा उशीला टेकून बसलेले. पेटी खाटेवर, चादर खाली पडलेली. मी तोंड उघडायच्या आत त्यांचा आवाज आला.

“इंदे, काळी चारात का गायलीस गं?”

मी उंबऱ्यातच थांबले.

“मी काय सांगितलंतं? काळी पाच सोडू नको म्हणून. आन् अंतऱ्याला जाताना खोकलीस. रेडिओवर खोकत्यात व्हय?”

“अप्पा... कार्यक्रम झालाच नाही. रद्द झाला.”

“झाला न्हाय कसा? मी ऐकलाय की! साथ केली तुझी.” आणि मग, जन्मात पहिल्यांदाच, “चांगली गायलीस. जरा घाबरलीस, पर चांगली गायलीस.”

आई दारामागून मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावत होती. स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं दबक्या आवाजात सांगितलं, “रेडिओवर नुसती सारंगी रडायली होती गं. मी बंद कराय गेलो तर हात धरला माझा. म्हणाले, थांब, पोरगी गातीया.” (आमच्याकडं बायकाही ‘गेलो’च म्हणतात, हसू नका.) “मग पेटी मागितली. भाता माराय चाचांस्नी हाक मारली.”

मी तशीच शेजारी गेले. चाचा कातर खाली ठेवून म्हणाले, “पोरी, खोटं कशाला बोलू? मला सारंगीच ऐकू येत होती. मी आपला भाता मारत बसलो. यांची पेटी त्या सारंगीशी जुळत न्हवती, तिसरंच काय तरी वाजवत होते. मधेच थांबायचे, कान द्यायचे, ‘वा’ म्हणायचे, पुन्हा बोटं पळवायची. मला वाटलं, दोस्ताचं डोकं फिरलं. पर एवढं खूश मी त्यांना लई वर्षांत बघितलं न्हवतं. म्हणून मी काय बोललो न्हाय.”

रात्री पडल्या पडल्या मी गणित मांडलं. घसा धरलाय हे सकाळीच अप्पांच्या कानांनी टिपलं असणार. माझ्या दोन शब्दांतही त्यांना सूर कळायचा. असा घसा असेल तर पोरगी पट्टी उतरवणार, खोकणार, हा जुन्या शिक्षकाचा अंदाज. बाकी आजारी माणसाची इच्छा. चीज त्यांचीच होती, तेव्हा मनातल्या मनात ऐकायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी पेठेत रेडिओ असलेल्या चार घरी विचारून आले. सगळ्यांकडं सारंगीच लागली होती. झालं, सुटलं उदाहरण. अप्पांना मात्र मी पुन्हा कधी ‘रद्द झाला’ म्हटलं नाही. ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, “पोरगी रेडिओवर गायली, मी साथीला होतो.” येणारे माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायची.

पावसाळा सरायच्या आत अप्पा गेले. शेवटपर्यंत काळी चारवरून टोमणे मारत होते.

दिवाळीच्या आधी सांगलीहून दुसरी तारीख आली. खरं सांगायचं तर जायचं मन नव्हतं. ज्यांच्यासाठी गायचं ते नव्हते... आईनं ढकललं म्हणून गेले. स्टुडिओत तेच साथीदार, काचेपलीकडं तोच इंजिनिअर. मध्यम वयाचा, चष्मा लावणारा, कामापुरतं बोलणारा माणूस. बॅलन्स सुरू व्हायच्या आधी तो दार उघडून आत आला, माझ्या मागं-पुढं बघितलं आणि जरा दरडावूनच म्हणाला,

“बाई, आज पेटी आणली नाही ना?”

मी म्हटलं, “कसली पेटी?”

“मागच्या वेळी तुमच्याबरोबर वाजत होती ती. नियम माहीत आहे ना तुम्हाला? तो प्रोग्राम रद्द झाला म्हणून बरं, नाहीतर माझ्यावर आलं असतं.”

व्हायोलिनवाले हसले. “साहेब, काहीतरी काय? पेटी कुठली? आम्ही तिघंच तर होतो बाईंबरोबर.”

“तेच तर,” इंजिनिअर म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. “काचेतून बघितलं, तर पेटी दिसेना. हेडफोनमध्ये मात्र स्वच्छ ऐकू येत होती. शेजारचा स्टुडिओ रिकामा. मला वाटलं, कुठल्यातरी लाइनवरून घुसतंय. पण लाइनवरून घुसलेलं गाण्याशी जुळत नाही हो, बाई. ही तुमच्याच पट्टीत होती. तुम्ही थांबलात की थांबायची. खोकलात तेव्हा तेवढी जागा भरून काढली तिनं.”

इतक्या महिन्यांपूर्वी सोडवलेलं उदाहरण एका मिनिटात पुसलं गेलं. अप्पांनी अंदाज केला असेल, स्वप्न बघितलं असेल, सगळं कबूल. पण या सांगलीच्या माणसाला अप्पा कोण, ते काय वाजवायचे, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या घरी त्या दिवशी काय झालं ते मी केंद्रावर कुणाला सांगितलं नव्हतं. चाचा आणि आई कोल्हापूरच्या बाहेर गेले नव्हते.

मी कसंबसं विचारलं, “मग तुम्ही बंद का नाही केली?”

तो जरा ओशाळला. चष्मा काढून पुसत म्हणाला, “हात गेला होता बटणावर. पण वाजवणारा तुमच्यामागं इतकं जपून वाजवत होता... नाही बंद करवली.”

मी स्टुडिओतच रडले. तबलजींनी पाणी आणून दिलं. इंजिनिअर बिचारा, आपण काही चुकीचं बोललो असं वाटून माफी मागायला लागला. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? लाल दिवा लागला तेव्हा गायले, नीट गायले असं लोक म्हणाले.

नंतर मी पुष्कळ डोकं चालवलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं, त्यानं लहरी, तारा, परावर्तन असं फळाभर लिहिलं. पण कोल्हापुरातल्या खोलीत मायक्रोफोनच नव्हता, यावर येऊन तोही थांबला. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मात्र पायरी न गाळता.

काही वर्षांनी नियम बदलला आणि पेटीला रेडिओवर यायची परवानगी मिळाली. आता माझ्याकडं गाणं शिकायला येणाऱ्या मुली भिंतीवरचा अप्पांचा फोटो बघून विचारतात, “आजी, हे रेडिओवर वाजवायचे का?”

“हो, एकदा,” मी सांगते.

“कधी?” विचारलं तर मग मी पेटी उघडते आणि त्यांना सा लावायला सांगते.