तीन तास थांबलेला माणूस

याला वीस वर्षं होत आली. न्युरेम्बर्गजवळच्या जंगलरस्त्यावर सकाळी माझ्या गाडीची हरणाला धडक बसली. ते तीन पायांवर लंगडत झाडीत शिरलं. मी पोलिसांना फोन केला आणि सवयीने वहीत लिहिलं: सात दहा, डावीकडे, वाकडं बर्चचं झाड.

पोलिसांनी त्या भागातल्या ज्या शिकाऱ्याला पाठवलं तो साठीचा होता. हिरवी टोपी, खांद्याला बंदूक, सोबत लोंबत्या कानांची कुत्री. वही वाचून तो "गेनाऊ!", म्हणजे अगदी अचूक, म्हणाला आणि थर्मासमधली कॉफी ओतू लागला.

"अहो, ते तिकडे तडफडतंय!"

"आत्ता मागे लागलो तर जखमी पायाने मैलभर पळेल. त्याला वाटू दे, कोणी येत नाहीये. मग जवळच बसेल. थांबणंही लिहा तुमच्या वहीत."

तीन तास आम्ही थांबलो. मग कुत्रीने नाक जमिनीला लावलं. रक्ताचा थेंब दिसेल तिथे तो वाकून खुणेला कागदाचा कपटा ठेवत आत गेला. थोड्याच वेळात एकच गोळी ऐकू आली. मी वही उघडून वेळ लिहू लागले.

"शंभर पावलांवर होतं. उठलंही नाही," तो परत येऊन म्हणाला. त्याने स्प्रूसच्या झाडाची डहाळी मोडली होती. एक तुकडा रिवाजाप्रमाणे हरणाच्या तोंडात ठेवला होता, शेवटचा घास म्हणून. दुसरा, माग काढल्याचा मान म्हणून, कुत्रीच्या पट्ट्यात होता. तिसरा त्याने मला दिला.

"मला कशाला? धडक तर मीच दिली."

"बरेच जण निघून जातात," तो म्हणाला. "मग आम्हाला कळतच नाही, कुठे शोधायचं."